कॅलिफोर्नियाची रंगीत तालीम

माणसाला सुखानं कुठं जाऊ द्यायचं नाही, एवढ्या एकाच कामासाठी देवानं आमच्या साडूंना जन्माला घातलं असावं, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी त्यांच्या तोंडावर अनेकदा बोललेलोही आहे. त्यांच्यावर काडीचा परिणाम होत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे कुडाळकडचे, अर्धं आयुष्य आमच्यासारखंच इथं बहारीनमध्ये काढलेले, हिद्दला गोठवलेल्या मालाच्या एका मोठ्या गोदामात सुपरवायझर. कंटेनर कधी लागणार, माल कुठल्या दारानं आत येणार, कोंबडी कुठल्या रॅकवर आणि मटार कुठल्या, हे सगळं आधी ठरवून ठेवायची सवय त्यांना नोकरीत लागली आणि मग ती हाडात मुरली. आता घरातली जिवंत माणसंही त्यांना रॅकवर लावायचा माल वाटतात. बाकीचे लोक फिरायला जातात, हे फिरणं पार पाडतात. मुहर्रकला मासे खायला जायचं ठरलं तर आदल्या संध्याकाळी हे एकटे जाऊन गाडी कुठं लावायची ती जागा हेरून येतात, आणि दुसऱ्या दिवशी तिथं दुसऱ्या कुणाची गाडी दिसली की हॉटेलवाल्याशी असे बोलतात जणू त्यानं यांच्या घरात भाडेकरू घुसवलाय. मासे थंड होतात. साडू खुश असतात, कारण आम्ही ठरल्या वेळी बसलेले असतो.

तर अशा या गृहस्थांची एकुलती एक लेक उत्तर कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ नोकरीला लागली. पोरगी गुणाची. नवी नोकरी, रजा शिल्लक नाही, तरी तिनं फोन केला, "आईबाबा, जानेवारीत या. माझ्याकडे येऊन राहा." साध्या माणसानं यावर तिकिटं काढली असती आणि डिंकाचे लाडू वळायला घेतले असते. साडूंनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की तिथल्या हिवाळ्यात तिच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी निघून संध्याकाळी परत, अशा सहली करायच्या. मुलगी गाडी चालवेल, हे शेजारी बसून रस्ता सांगतील. जानेवारीत तिथल्या एका किनाऱ्यावर हत्तीएवढे सील मासे येऊन लोळतात, ते बघायचे. दुसरीकडे झाडांना फुलपाखरं लगडलेली असतात, ती बघायची. मॉन्टरेचा समुद्र, आभाळाला टेकलेली रेडवूडची झाडं, तो लाल पूल, आणि योसेमिटीचा बर्फ. सील मासे नसतात, सील हा प्राणी असतो, असं मी म्हटलं. "तुका काय कळता?" साडू म्हणाले. कुणी आडवं आलं की ते मालवणीत शिरतात. "पाण्यात ऱ्हवता ना? मगे?"

इथवर ठीक होतं. पण न केलेल्या गोष्टीची तालीम घ्यायची, हा त्यांचा गोदामातला नियम. नवा फोर्कलिफ्टवाला आला की त्याला आधी रिकाम्या पेट्या उचलायला लावतात म्हणे. तसं त्यांनी आम्हाला उचललं. मॉन्टरे मुलीच्या घरापासून दोन तास, म्हणजे दोन तास गाडीत न कुरकुरता बसता आलं पाहिजे. आता आमच्या या चिमुकल्या देशात दोन तासांचा रस्ता आणायचा कुठून? इथं अर्धा-पाऊण तास सरळ गेलात की समुद्र लागतो, आणि त्याच्या पुढं पुलावरून सौदी. म्हणून एका शुक्रवारी सनदला त्यांच्या घरापासून निघून त्यांनी आम्हाला बेटाभोवती गोल गोल फिरवलं. गाडी माझी, पेट्रोल माझं, मागच्या सीटवर माझी बायको आणि ताई, म्हणजे साडूंची बायको. तीच मशीद, तेच पेट्रोलचे पंप, तोच शावरमावाला. तिसऱ्या फेरीला त्यानं आम्हाला हात केला. "आता आपण वाटेतल्या गिलरॉय गावाच्या पुढे आहोत," साडू गंभीरपणे म्हणाले, "इथं लसणाच्या शेतांचा वास येईल." मी म्हटलं, "साडूभाऊ, मला फक्त सांडपाण्याचा येतोय." ताई मागून म्हणाली, "त्यांना बोलू द्या हो, नाहीतर परत पहिल्यापासून सुरू करतील."

रेडवूडच्या तालमीला आम्हाला इथल्या वाळवंटातल्या सुप्रसिद्ध एकट्या झाडापाशी नेलं. तेलाच्या विहिरींवर माना हलवणारे ते पंप ओलांडून धुरळा खात गेलो. तिथं साडूंनी आम्हाला झाडाखाली उभं केलं आणि वर बघायला सांगितलं. "मान दुखते का बघा. तिथं याच्या कितीतरी पट उंच आहेत. आणि सगळीकडं आहेत." आजूबाजूला क्षितिजापर्यंत झाडाचं नाव नाही, आणि हा मनुष्य आम्हाला जंगलात कसं चालायचं ते शिकवतोय! पुढं मी, मध्ये बायका, मागं ते, एकमेकांपासून ठरावीक अंतर ठेवून त्या एका झाडाला प्रदक्षिणा. दोन बहारीनी पोरं मोबाइलवर आमचं चित्रण करत होती. मी त्यांना "खलास, यल्ला" करून हाकलायचा प्रयत्न केला, तर ती आमच्या मागून रांगेत चालायला लागली.

पण हद्द झाली ती थंडीच्या तालमीची. मुलीनं स्पष्ट सांगितलं होतं, बाबा, इथं किनाऱ्याकडं एवढी थंडी नसते, स्वेटर पुरेल. पण तिचं ऐकतील तर ते साडू कसले. अमेरिका म्हणजे बर्फ, हे त्यांनी एकदा ठरवलं ते ठरवलं. मनामाच्या बाजारातून त्यांनी दोन जाकिटं आणली, अशी फुगीर की ताई ते घालून उभी राहिली तर सोफा उभा राहिल्यासारखं वाटत होतं, आणि ती तपासायला आम्हाला गोदामाच्या शीतघरात नेलं. बाहेर आमचा नेहमीचा दमट उकाडा, आत गोठलेली हवा आणि छतापर्यंत ब्राझीलच्या कोंबड्या. मला जाकीट नव्हतंच, मला कोण नेतंय कॅलिफोर्नियाला! "तू जाकिटाशिवाय उभा राहा," साडू म्हणाले, "म्हणजे फरक कळेल." मी उभा राहिलो. का उभा राहिलो ते आजही मला सांगता येत नाही. साडू एका कोंबडीच्या पेटीवर बसून मुलीनं पाठवलेल्या फोटोकडं बघत होते आणि विचारत होते, "योसेमिटी वाटतं की नाही?" मला तापच आला. बायकोनं मला काढा पाजला आणि वर साडूंची बाजू घेतली. तिच्या मते ते हौशी आहेत. अशा हौसेला आमच्या फलटणकडं वेगळा शब्द आहे, तो इथं लिहिता येत नाही.

मला चीड येते ती याची की हे सगळं आजचं नाही. सुरुवातीची कितीतरी वर्षं साडूंचा पगार फॅमिली व्हिसाएवढा नव्हता. ताई आणि पोर कुडाळला, हे इकडे. वर्षातून एकदा रजा. त्या रजेतही हाच खाक्या: आज सावंतवाडी, उद्या गोवा, परवा कोल्हापूर, तेरवा गणपतीपुळे. भाड्याची गाडी आधीच ठरलेली, जेवणाचे डबे आधीच भरलेले. साडू परत विमानात बसले की ताई आणि पोर आजारी पडायच्या. पुढं ताई इकडं आली तोवर पोरगी पुण्याला हॉस्टेलात गेलेली होती, आणि तिथून परस्पर अमेरिकेला. म्हणजे बापलेक एका घरात सलग असे राहिलेच नाहीत. हे मला ठाऊक होतं, पण मनावर कोण घेतो? मला आपला माझा ताप आठवायचा.

शेवटी सगळ्या सहली ठरल्या आणि मुलीला व्हिडिओ कॉलवर ऐकवायचा समारंभ झाला. आम्हाला हजर राहायचा हुकूम होताच. साडूंनी घसा साफ केला आणि सुरू केलं. पहिला शुक्रवार, मॉन्टरे. दुसरा शुक्रवार, सील. तिसरा शुक्रवार, लाल पूल. शनिवारी जवळपासचं, फुलपाखरं वगैरे. पोरगी ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलायला लागला.

"बाबा, शुक्रवारी मला ऑफिस असतं."

"शुक्रवारी? शुक्रवारी कसलं ऑफिस?"

"बाबा, इथं सुट्टी शनिवार-रविवार."

महिनोन्‌महिने आम्ही चौघं त्या सहलींवर वाद घालत होतो आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी कामावर, हे आमच्या अंगात असं भिनलंय की जगात दुसरं काही असेल असं वाटतच नाही. मग ताईला हसू फुटलं आणि मी तर सूड उगवल्यासारखा हसलो. शीतघराचा सगळा हिशेब मी त्या हसण्यात वसूल केला.

"आणि रविवारी काय ठरवलंय, बाबा?" पोरीनं विचारलं.

"रविवारी तू ड्यूटीवर," साडू पडेल आवाजात म्हणाले. "आम्ही घरी. कपडे धुणं."

"मग असं करा. शनिवारी तुम्ही म्हणाल तिथं मी नेते. रविवार मला द्या."

"दिला. कुठं जायचं बोल."

"कुठंच नाही. घरी. मी, तुम्ही, आई."

"अख्खा दिवस?"

"अख्खा दिवस."

"आणि करायचं काय?"

पोरगी जराशी हसली, पण ते हसणं टिकलं नाही. "बाबा, तुम्ही रजेवर यायचात ना, तेव्हा मला गाडी लागायची. मी मागं आईच्या मांडीवर, तुम्ही पुढं ड्रायव्हरला रस्ता सांगत. तुमच्या रजेतली मला तुमची मान तेवढी आठवते. मागून दिसणारी."

साडू म्हणाले, "नेटवर्क बरोबर नाही आज," आणि त्यांनी फोन ठेवला. नेटवर्क उत्तम होतं.

पुढच्या शुक्रवारी ते आमच्या घरी आले. एकटे, फोन न करता. असं ते आयुष्यात कधी आले नव्हते, म्हणून मी आधी घाबरलोच. सोफ्यावर माझी नववीतली मुलगी माझ्या मांडीवर पाय टाकून मोबाइल बघत पडली होती. मी तिला मराठीत उठ म्हणत होतो आणि ती इंग्रजीत नाही म्हणत होती. साडू समोरच्या खुर्चीत बसले आणि आमच्याकडं बघत राहिले. चहा झाला, तरी बघतच राहिले. मुलगी आत गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी काय बोलता रे?"

"काही नाही. भांडतो."

"आणि मग?"

"मग काय? जेवायची वेळ होते."

"रोज असंच?"

"रोज असंच, साडूभाऊ. त्यात ठरवायचं काय असतं?"

त्यांनी रिकामा कप उचलून परत ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "मला भीती वाटते रे. कुठं न्यायचं असलं तर मी नेईन. नुसतं समोर बसून ती काही बोलली, आणि मला पुढचं सुचलंच नाही तर? ती म्हणेल, आलेत कशाला."

माझ्या जिभेवर दहा टोमणे तयार होते. या दिवसाची वाट मी किती वर्षं बघत होतो! पण त्या माणसाचा चेहरा बघवेना. "जमेल हो," मी म्हटलं. "ती बोलेल. तुम्ही नुसतं हूं म्हणा." त्यांनी मान हलवली. जाताना दारात थांबून त्यांनी पुन्हा विचारलं, "हूंच म्हणायचं ना?" मी हो म्हटलं.

जानेवारीत दोघं गेले. सील बघितल्याचा फोटो आला. साडू कॅमेऱ्याकडं नाही, घड्याळाकडं बघत होते. मला जरा बरं वाटलं, म्हटलं माणूस शाबूत आहे. मग एका सोमवारी सकाळी मी सलमाबादला, मी काम करतो त्या गॅरेजमध्ये, एका पिकअपखाली दुरुस्तीला पडलो होतो तेव्हा त्यांचा फोन आला. तिकडं अजून रविवारची संध्याकाळ होती. मी तेलकट हातानंच घेतला.

"आज खंयच गेलंव नाय," ते हळूच म्हणाले.

"मग काय केलंत?"

"ती भाजी चिरत होती. मी समोर बसलो होतो." मागं कुकरची शिटी झाली, ताईचा आवाज आला, पोरगी कशाला तरी हसली. साडू आणखी हळू बोलायला लागले. "अरे, ती लिहिते उजव्या हातानं. जेवते उजव्या हातानं. पण सुरी डाव्या हातात धरते. लहानपणापासून, तिची आई म्हणते. माका म्हायतच नव्हता."

तिकडून पोरीनं "बाबा, कांदा सोलता का?" असं विचारलेलं मला ऐकू आलं. साडू फोन ठेवायचं विसरूनच तिकडं गेले, आणि मी गाडीखाली पडल्या पडल्या कितीतरी वेळ फोन कानाला लावून ऐकत राहिलो.