बोटीवरून परतलेले काका

माझ्या काकांशेजारी बसून कुणी जेवत नाही. जाळी दुरुस्त करायच्या शेडमध्ये दहा-बारा जण आहेत, पण डबे उघडायची वेळ झाली की काकांच्या बाजूची बाकं रिकामी होतात. "पोट भरलंय ना त्याचं? मग बसतो शेजारी," हा फाजीलपणा तिथे तीस वर्षं चाललाय. काका मुकाट्याने घास चावतात. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण काकांनी ज्याचं मांस खाल्लं, तो माझा बाप होता. बोलायचा हक्क असलाच तर मला आहे.

इंजिन बंद पडलं, जाळं वाहून गेलं आणि दोघे भाऊ एकोणीस दिवस समुद्रावर भरकटत राहिले. पावसाचं पाणी मिळालं, खायला काही नाही. बाराव्या दिवशी बाबा गेले. आमच्या बोटींवर कुणी मेलं तर त्याला पाण्यात सोडत नाहीत, घरी आणतात. काकांनीही बाबांना सोडलं नाही. सोडलं असतं तर पुढचं घडलंच नसतं. बरं, घडलं ते घडलं, धक्क्यावर उतरल्यावर 'प्रेत लाटेबरोबर गेलं' म्हणायचं की नाही! या भल्या माणसाने पहिल्याच अधिकाऱ्याला सगळं सांगून टाकलं. आईने मरेपर्यंत त्यांचं तोंड पाहिलं नाही.

गेल्या वर्षी काकांचा हात थरथरायला लागला. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, माणसाचं मांस खाल्ल्याने एक कापऱ्याचा रोग होतो, वर्षानुवर्षं अंगात दबून राहतो. त्यांनी मला फोन केला. "येशील का गं दवाखान्यात? दुसरं कोण आहे मला?"

आई गेल्यापासून मला तरी कोण होतं? गेले. शिवाय मला एकच गोष्ट विचारायची होती. बाबा आपसूक गेले, की काकांनी त्यांना मारलं? लोक कुजबुजायचे, आणि माझी जीभ रेटत नव्हती.

काकांनी डॉक्टरबाईंना आडपडदा न ठेवता सांगितलं. बाईंनी एवढंच विचारलं,

"मेंदू खाल्ला होता?"

"नाही. मांडीचं."

मी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत राहिले. बाईंनी त्यांना पेला धरायला लावला, कागदावर गोल काढायला लावले, चालवून पाहिलं.

"तो रोग मुख्यतः मेंदूतून येतो, तोही मेलेल्याला असला तरच. तुमचा हात वयामुळे कापतोय. गोळ्या देते."

काकांचा चेहरा पडला. "नीट बघा की हो."

बाहेर आल्यावर म्हणाले, "वाटलं होतं, सुटलो एकदाचा."

माझं डोकंच फिरलं. "मरायची एवढी कसली हौस? मारलंत का माझ्या बाबांना?"

"नाही गं. तो आपणच गेला."

माझा जीव भांड्यात पडला. पण काका थांबले नाहीत.

"दोन दिवस आधीपासून मी त्याच्याकडे बघत होतो. पाणी पाजायचो, डोकं मांडीवर घ्यायचो, आणि मनात म्हणायचो, आटप आता. त्याला कळलं ते. माझ्याकडे बघून म्हणाला, 'जरा थांब ना रे.'"

मी तिथेच ओक्साबोक्शी रडले. काका शेजारी उभे होते. त्यांचा हात धरावा असं फार वाटलं, पण नाही धरवला.