काय द्यायचं नाही ते

धाकट्या भावाला सिकल सेल आहे हे कळलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. गोवा घटक राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. तोवर आमच्या लाटंबार्से गावात सगळे त्याच्या दुखण्याला वात म्हणत आणि मी आळस म्हणत असे. नेमके काजूच्या हंगामातच त्याचे पाय दुखतात, असं मी चारचौघांत हसून सांगायचो.

त्या वर्षी आम्ही दोघे दगडी कुंडीत उतरून काजूचे बोंडू तुडवत होतो. रस गळून खालच्या मडक्यात पडत होता. ऊन रणरणत होतं. त्याने दोनदा पाणी मागितलं. घामेजल्या अंगाने पाणी प्यायलं की बाधतं, असं आमच्याकडे मानतात. तेच मी त्याला सुनावलं. दुपारी त्याची पाठ आणि मांड्या धरल्या. तो कण्हायला लागला तेव्हा आमच्या घरात सगळ्या दुखण्यांवर करतात तेच मी केलं. फेणी चोळली आणि वर अर्धा पेला पाजली.

"पी मरे, बाप्यासारखी! संध्याकाळी नाचशील." मी म्हणालो; आमच्याकडे लाडाने ‘रे’ऐवजी ‘मरे’ म्हणतात.

संध्याकाळी त्याला जीपमध्ये आडवं घालून इस्पितळात न्यावं लागलं.

रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी समजावलं. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. अंगातलं पाणी आटलं की हे वाढतं, दारूने तर पाणी आणखीच आटतं. मग त्यांनी विचारलं, "दुखायला लागल्यावर काय दिलं होतं?"

"काही नाही. नुसतं चोळलं," मी म्हणालो.

भाऊ जागा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

पुढची दोन वर्षं मी त्याला कुदळीला हात लावू दिला नाही. घागरसुद्धा उचलू देत नव्हतो. शेवटी एकदा जेवताना तो भडकला. "दादा, आधी राबवून मारत होतास, आता बसवून मारतोस. डॉक्टरांनी दमू नको म्हटलंय, बसून राहा म्हटलेलं नाही."

मी कुदळ त्याच्या हाती दिली, आणि तो बागायतीत परतला, पण आपल्या रीतीने. सकाळी ऊन चढायच्या आत काम, दम लागायच्या आधी सावली. काजूच्या फांदीला पाण्याची बाटली टांगलेली. रोजची गोळी चुकली नाही, गारठ्यानेही दुखणं उठतं म्हणून थंड पाण्याची आंघोळ कायमची बंद. दुखणं अधूनमधून येतं, दोनदा इस्पितळातही राहावं लागलं. पण आज पन्नाशी उलटूनही तो बांधावरून माझ्यापुढे चालतो आणि मागे वळून विचारतो, "म्हातारबा, येताय ना?"

गेल्या महिन्यात त्याच्या तपासणीला मी सोबत गेलो होतो. बाकावर कोरगावची एक बाई होती. तिच्या लेकीला नुकतंच हेच निदान झालेलं. ती भावाला म्हणाली, "दुखू लागलं की आमच्या सासूबाई थोडी फेणी पाजतात. चालतं ना हो?"

भावाने माझ्याकडे बोट केलं. "ते आमच्या दादाला विचारा, वहिनी. काय द्यायचं नाही, हे त्याच्याएवढं कोणाला ठाऊक नाही."

इतक्या वर्षांत तो त्या फेणीबद्दल एक शब्द बोलला नव्हता. माझे कान तापले. उठून जावंसं वाटलं, पण बाई माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिची लेक शेजारीच बसली होती.

"देऊ नका," मी म्हणालो. "मी ह्याला पाजली होती. पाणी मागत होता, ते दिलं नाही. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो."

बाईने पदर सावरला. "मग काय द्यायचं?"

आता भाऊ बोलू लागला. भरपूर पाणी, ऊबदार पांघरूण, डॉक्टरांनी लिहिलेली गोळी. आणि ताप आला किंवा दम लागला तर वाट न पाहता सरळ इस्पितळ. बोलता बोलता त्याने आपली बाटली माझ्यापुढे धरली.

"पी मरे," तो म्हणाला. "घसा सुकला तुझा."