सरकारला उसन्या पाटल्या

बासष्ट साली चीनची लढाई सुरू झाली आणि आमच्या बाबांना सरकारला कर्ज द्यायची उबळ आली. बाबा शाळामास्तर. खिशात खडूची पूड, पण गप्पा देशाच्या तिजोरीच्या! संध्याकाळी पडवीत शेजारच्या दुकानदाराशी वाद ठरलेला. बाबा म्हणायचे, "सगळ्यो बँको सरकारान ताब्यात घेवक होयो." दुकानदार म्हणायचा, "मास्तरांनू, सरकाराक पोस्टातली शाय तरी सांभाळूक येता काय?" आणि चहा मागायचा.

त्यात सुवर्णरोखे निघाले. सरकारला सोनं द्या, कागद घ्या, पुढे व्याजासकट परत. आमच्याकडे सोनं म्हणजे माझ्या लग्नासाठी केलेल्या दोन पाटल्या, आणि लग्न तोंडावर आलेलं. मी भडकले.

"माज्यो पाटल्यो घालून जवान लढतले काय?"

"अगो, देश रवलो तर लगीन!" बाबा म्हणाले आणि जवानांसाठी देवळात गाऱ्हाणं ठरवून आले.

आमच्याकडे गाऱ्हाण्यात गुरव देवाला एकेक मागणं सांगतो आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणून ओरडतो. लहानपणापासूनची सवय, अर्थ ऐकतो कोण!

"लढाईत आमका यश दी महाराजा!"

"होय महाराजा!"

"आमच्या पोरांची राखण कर महाराजा!"

"होय महाराजा!"

"मास्तरांचा चेडू खुशीन सरकाराक पाटल्यो देता, तेचा बरा कर महाराजा!"

"होय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझाच. मेले! चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मीच! बाबा मिशीत हसत होते, आई बायकांत मागे पदर सावरत उभी होती.

आता देवासमोरचा शब्द मोडायची छाती कुणाची? एस.टी.ने आम्ही तिघं कणकवलीच्या बँकेत गेलो. पाटल्या आईच्या कमरेच्या पिशवीत. मला वाटभर नुसतं रडू येत होतं.

कारकुनाने विचारलं, "दागिना कुणाच्या मालकीचा?"

"माझ्या," बाबा म्हणाले.

"माझ्या," मी म्हटलं.

"माज्या," आई म्हणाली. "रातांबे फोडून, आमसुलां इकून केलेल्यो पाटल्यो आसत त्यो."

खरंच होतं ते. आम्ही दोघं विसरलो होतो.

"मग बाई, द्यायची तुमची तयारी आहे ना?"

"नाय."

बाबा हडबडले. "अगो, देवासमोर होय म्हटलां नि आपण!"

"तुमी म्हटलात. चेडवान म्हटल्यान. मी तोंड उघडूक नाय. माका आज पयल्यांदा कोणी तरी इचारल्यान."

आणि पिशवी कमरेला खोचून ती स्टँडच्या वाटेला लागली.