धूर कुणाचा गं बाई

कार्यक्रम सुरू होण्याआधी सुखदेवतात्या स्टेजवरून खाली उतरायचे. आमची पेटी-ढोलकी जुळलेली, गावचे पुढारी खुर्च्यांवर टेकलेले, आणि शाहीर मात्र गर्दीतून वाट काढत पार मागे निघालेले. सगळ्यांत शेवटी बसलेल्या म्हातारीपुढे उकिडवं बसून ते विचारायचे, "आजी, हितं ऐकू येतंय का?" ती "व्हय" म्हणाली की मगच गाणं. एखादी "न्हाय बा" म्हणायची. मग भोंग्याचं तोंड फिरवा, पुन्हा विचारा. मी पेटीवर वैतागायचो. "तात्या, एका म्हातारीसाठी सगळं गाव ताटकळलंय." त्यावर ते म्हणायचे, "गाव पुढं बसतंय रं. आपली माणसं मागं बसत्यात."

यात काही खोटं नव्हतं. लोहारा तालुक्यातल्या त्यांच्या गावात बौद्ध वस्तीतल्या बाया कायम मागेच बसत. तात्यांची थोरली बहीण सोजरअक्का त्यांच्यातच असायची. आई लवकर गेली, तेव्हा याच अक्काने त्यांना वाढवलं. तात्या पुढे लोहाऱ्यात येऊन राहिले, माझ्या शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत. अक्का गावातच राहिली, विधवा आणि एकटी. तात्यांची सगळी गाणी तिला पाठ होती आणि गाण्यात सांगितलेलं सगळं ती पाळायची. गुटख्यावर गाणं झालं तेव्हा तिने आयुष्यभराची मिश्री सोडली. "अगं अक्का, ते गुटख्यावर हुतं," तात्या म्हणाले. "तंबाखूच की," ती म्हणाली.

हुंडा, दारू, करणी, भानामती, सगळ्यांवर त्यांनी गाणी केली. पण ते खरे पेटायचे पावसावर. पाऊस लांबला की आमच्याकडे आधी दारोदार पाणी मागत धोंडी निघते आणि मग गावात कुणाचं पाप आडवं आलं याचा शोध सुरू होतो. ते पाप फिरून फिरून एखाद्या गरीब बाईच्याच दारात सापडतं. तात्या भर सभेत हात वर करून म्हणायचे, "पावसाला कुणाचं पाप दिसत न्हाय. त्याला डोळं न्हायत." लोक हसायचे. हसले की निम्मं काम झालं, असं त्यांचं म्हणणं.

काही वर्षांपूर्वी एका इंधन कंपनीची जनजागृती मोहीम आमच्या भागात आली. विषय होता हवामान बदल. पुण्याहून एक मॅडम आल्या, हुशार आणि बोलायला गोड. सगळं छापील तयार होतं. चूल बंद करा, पाचट जाळू नका, झाडं लावा, आपलं आभाळ आपल्या हाती. तात्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, ह्यात डिझेल, कोळसा कुठं दिसंना."

"तात्या, त्याबद्दल शास्त्रज्ञांत अजून दोन मतं आहेत," मॅडम म्हणाल्या. "आणि जे लोकांच्या हातात नाही ते सांगून त्यांना निराश कशाला करायचं? हातात आहे तेवढंच सांगू."

तात्या भोळे नव्हते. पण लोकाला झेपेल तेवढंच सांगावं, हे त्यांचंच तत्त्व होतं, आणि मॅडमनी नेमकं तेच त्यांच्यापुढे ठेवलं. शिवाय चुलीचा धूर डोळ्याला, छातीला वाईट, हे तर खरंच होतं. त्यांनी गाणं बांधलं:

धूर कुणाचा गं बाई, धूर कुणाचा?
माझ्या चुलीचा गं बाई, माझ्या चुलीचा!

पहिली ओळ तात्यांची, दुसरी बायांची. माकणी, सास्तूर, आसपासची सगळी गावं आम्ही पालथी घातली. कंपनीच्या गाडीमागे डिझेलचा जनरेटर धडधडत असायचा आणि त्याच्यापुढे शेकडो बाया एका सुरात स्वतःचं नाव घेत असायच्या. इतकं उचललेलं गाणं तात्यांनी जन्मात केलं नव्हतं. पोरी ते लंगडी घालताना म्हणू लागल्या.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. मृग गेला, आर्द्रा गेली, पेरलेलं सोयाबीन करपलं. धोंडी निघाली. मग तात्यांच्या गावात पारावर बैठक बसली आणि पापाचा शोध सुरू झाला. या वेळी शोधायला फार लांब जावं लागलं नाही, कारण पाप गाण्यातच सांगितलेलं होतं. वस्तीतल्या बायांकडे सिलिंडर होते, पण एकदा संपले ते कोपऱ्यात पडले. स्वयंपाक बाभळीच्या काटक्यांवरच चाले. चारसहा जण वस्तीत शिरले, सरपणाचे भारे उचलून नेले आणि पेटत्या चुलींवर पाणी ओतलं. ओतताना तेच गाणं म्हणत होते.

बातमी कळताच आम्ही मोटारसायकलवर निघालो. तात्या वाटेत शिव्या देत होते. अक्का उंबऱ्यात बसली होती. चुलीत ओली राख.

"कुनी वतलं, नाव सांग," तात्या म्हणाले.

"नाव कशाला? माजी चूल म्या आदीच बंद केली हुती. ह्यांनी उगंच पानी वाया घालवलं."

"आदीच?"

"तूच म्हनलास की, सुखा. शेजारची भाकर देती. न्हायतर भिजवल्याली डाळ खाती."

तात्या खाली बसले. "अक्का, तुज्या चुलीनं पाऊस थांबत न्हाय. ते खोटं हाय."

तिने मान वर केली. "मग तवा माइकवर कसं म्हनलास?"

तात्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. "तसं आम्ही कुठे म्हटलंय?" मॅडम म्हणाल्या. "पण जाणीव झाली ना लोकांना." संध्याकाळी त्यांनी मोहिमेला बक्षीस मिळाल्याचा फोटो पाठवला. फोटोत बाया टाळ्या वाजवत होत्या.

जगभरच्या कोळशाच्या आणि तेलाच्या धुरानं आभाळ बिघडतंय आणि ते विकणाऱ्यांना हे फार आधीपासून माहीत होतं, ही गोष्ट आज कुणीही वाचू शकतो. तात्यांनी वाचलं, नवं गाणं बांधलं आणि स्वतःच्या खर्चाने त्याच गावांतून फिरले. लोकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तात्या, ते चुलीचं म्हना की." परतताना ते मला म्हणाले, "समदं खोटं असलं तर मानूस वळखतंय. अर्धं खरं असलं की घरात घेऊन पाट देतंय."

अक्काने चूल पुन्हा पेटवली नाही. तात्या सिलिंडर घेऊन गेले, तर ती म्हणाली, "त्योबी जाळच की." आधीच काटकुळी बाई, त्या उपाशीतापाशी दिवसांत ती गेली. जाण्याआधी तिने तात्यांचा हात धरून एकच गोष्ट मागितली, "सुखा, मला जाळू नगं. पुर. माजा धूर नगं कुनाला."

तात्यांनी पुरलं. माती त्यांनी स्वतःच ओढली. मला मात्र त्या दिवशी कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि धरायला तिथे कुणीच नव्हतं.

त्याच आठवड्यात पाऊस पडला, धो धो. लोहाऱ्याच्या स्टँडवर एक जण दुसऱ्याला सांगत होता, "म्हातारीची चूल कायमची इझली, बघा, आन् आला." तात्या शेजारीच उभे होते. त्यानंतर त्यांनी माईक हातात धरला नाही.

परवा शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी त्यांना जबरदस्तीने नेलं. पोरींनी डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन नाच केला, गाणं तेच. तात्या खुर्चीवरून उठले. मला वाटलं, घरी निघाले. पण ते मागे गेले, पार शेवटी, भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हातारीपुढे उकिडवं बसले.

"आजी, हितं ऐकू येतंय का?"

"व्हय की," ती म्हणाली. "समदं ऐकू येतंय." आणि पोरींबरोबर दुसरी ओळ म्हणू लागली.