कोकरांच्या बाईंचे लेक्चर

कोकरांच्या बाई कुणाचे सांत्वन करीत नसत, स्पष्टीकरण देत. त्यांच्या अंत्यविधीनंतर इथल्या क्वेकर्स हिल उपनगरातल्या आपल्या मराठी मंडळींनी चहा पिता पिता या स्वभावाची जी निर्दय कहाणी रचली, ती मला मान्य नाही. ती कहाणी ज्या दिवसाची, त्या दिवशी इस्पितळाच्या खोलीत मी होतो. सांगणाऱ्यांपैकी एकही नव्हता.

वसईच्या या बाई आणि मी एकाच प्रयोगशाळेतून निवृत्त झालो. गर्भातल्या कोकरांच्या फुप्फुसांवर त्यांचे काम, म्हणून हे नाव. गर्भात फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. जन्मताच प्राणवायू वाढल्याचे ओळखून त्या सैलावतात. ही ओळखण्याची रीत वयानुसार बदलते. एखाद्या विद्यार्थ्याने प्रौढ मेंढीचे निष्कर्ष नवजात कोकराला लावले, की बाई इथल्या लोकांसारखी हाक देऊन कडाडत, "मेट, कोकरू म्हणजे छोटी मेंढी नाहीये! त्याची फुप्फुसं अजून शिकतायत."

मग त्यांच्या लेकीला मुलगा झाला आणि निळा पडला. त्याच्या रक्तवाहिन्या सैलावल्याच नाहीत. "अहो, ऑक्सिजन वाढवा ना!" जावई ओरडत होता. प्राणवायू पुरेपूर होता, औषधेही चालू होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ गेले.

मंडळी म्हणतात, मेलेल्या नातवाजवळ बसून बाईंनी लेक्चर दिले. दिले! पण का, हे कुणी विचारले? लेक परिचारिका. ती म्हणाली, "मम, वॉज इट मी? तू नको म्हणत होतीस, तरी मी शेवटपर्यंत शिफ्ट केल्या."

बाई पलंगावर टेकल्या. "ऐक. शिफ्टचा काही संबंध नाही. पोटात आवळून राहणं हेच त्या वाहिन्यांचं काम. बाहेर आल्यावर प्राणवायू आलाय हे त्यांना कळायला हवं होतं. नाही कळलं. का, ते मला माहीत नाही. तुझ्यामुळे नाही, एवढं माहीत आहे."

"पण मी..."

"पुन्हा सांगते."

आणि बाईंनी अगदी पहिल्यापासून पुन्हा सांगितले. लेक दूर पॉइंट कुकला राहायला गेल्यावरही फोनवर तेच विचारी. बाईंनी एकदाही "किती वेळा सांगू?" म्हटले नाही. याला कोरडेपणा म्हणणाऱ्यांनी माझ्यासमोर येऊन म्हणावे.

आता तिचा फोन मला येतो. "काका, मम सांगायची तसं सांगा ना."

मी सांगतो. वादात मी आजवर कुणाला हार गेलेलो नाही. पण दर वेळी, माझे सांगून झाल्यावरही, ती म्हणते, "पण मी..."