सशाचा डावा डोळा

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळी उन्हाळ्यात मी एका साबणाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. प्रयोगशाळेतले ससे सांभाळणारा गडी प्रत्येक सशाला 'मालक' म्हणायचा आणि मला नुसतं 'साहेब'. त्यामुळे कोण वरचा, हे स्पष्ट होतं.

करडीच्या तेलातून काढलेलं फॅटी ॲसिड डोळ्याला झोंबतं का, हे तपासायचं होतं. झोंबलं, तर लहान मुलांच्या साबणाचा सगळा माल रद्द. सशाच्या उजव्या डोळ्यात ते घालायचं, डावा तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी उजवे डोळे लालभडक! मी ऐटीत 'नापास' लिहायला घेतलं.

"साहेब, काय लिहायलाव?"

"डोळे लाल झालेत."

"डावा बगितलाव का?"

डावेही लालच होते.

"त्यात तर आपण काई घातलं न्हाई," तो म्हणाला. "माझे बगा. तुमचे बी आरशात बगा. आपल्याला कुणी घातलं?"

फुटक्या खिडकीतून फुफाटा आत येत होता. त्यानं ओली पोती खिडकीला बांधली, तीन दिवस ओलीच ठेवली. मी नव्या सशांवर पुन्हा चाचणी घेतली. डोळे स्वच्छ राहिले, माल पास झाला. माझ्या काटेकोरपणाचं कौतुक झालं, ते मी मुकाट्यानं घेतलं.

त्या तीन दिवसांत तो दुपारी माझ्या तांब्यातलं पाणी मागायचा. "घरून आणायला विसरता काय हो?" म्हणून मी थट्टा करायचो. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात पोती कशानं भिजतात, हे मात्र मी विचारलं नाही.