ओढलेला हँडब्रेक

आमच्याकडे, किनाऱ्यावर, पावसाळ्यासाठी गाडी ठेवायची एक रीत आहे. आधी ती विहिरीच्या गोड्या पाण्याने वरून-खालून धुवायची, दोन दिवस उन्हात वाळू द्यायची, मग शेडमध्ये नेऊन पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना लाकडाचे दोन तुकडे लावायचे. हँडब्रेक ओढायचा नाही. चार महिने खारी हवा मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममध्ये शिरते, आतलं लोखंड गंजतं, आणि मागची चाकं अशी धरतात की बैल जुंपले तरी गाडी हलायची नाही. मुंबईच्या माणसाला हे माहीत नसतं. मला माहीत होतं, मी याच रीतीत वाढलो. तरीही सात वर्षांपूर्वी, मे संपता संपता, तो ब्रेक मीच ओढला.

झालं असं की बाबांनी गाडी नेहमीसारखी शेडमध्ये लावली आणि ते जेवायला गेले. गाडीचं तोंड पावसात भिजेल असं जरासं बाहेर राहिलं होतं. मी म्हटलं, आपणच मागे घेऊ, तेवढंच काम केल्यासारखं दिसेल. गाडी हातभर मागे घेतली, गिअर घातला, लाकडं लावली आणि उतरता उतरता सवयीने हँडब्रेक खेचला. मुंबईतल्या आमच्या बिल्डिंगचं पार्किंग उतारावर आहे. तिथे ब्रेक ओढला नाही तर वॉचमन शिट्ट्या मारत मागे येतो. ती मुंबई माझ्या हातात मुरलेली. संध्याकाळी मी निघून गेलो.

दसऱ्याला बाबांनी गाडी बाहेर काढायला घेतली, ती हलेना. वाकून बघतात तर ब्रेक ओढलेला. त्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. म्हणाले, "मीच वढला असणार. सगल्या गावाला सांगत आलो न् मीच वढला. माझं डोकं आता ठिकाणावर न्हाय." मला सगळं लख्ख आठवलं. आणि मी म्हणालो, "असू द्या बाबा, वयाप्रमाणे होतं असं."

हे वाक्य मी कसं बोललो याचं मला आजही आश्चर्य वाटतं. लाज वाटली म्हणून खरं सांगितलं नाही, हे अर्धंच कारण. दुसरं अर्धं जास्त वाईट आहे: मला ते सोयीचं होतं. बाबा तेव्हा सत्त्याहत्तरचे होते, अलिबागच्या रस्त्याला शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची झुंबड, आणि त्यांनी आता चालवणं सोडावं म्हणून मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो. ते ऐकत नव्हते. त्या फोननंतर आठ दिवसांनी त्यांनी गाडीची चावी आपणहून आईकडे दिली. माझं काम न बोलता झालं होतं. मी सुखाने झोपलो.

बाबा हाडाचे ड्रायव्हर. आमच्या घराण्याची मिठागरं गेली, तशी त्यांनी ट्रक धरला आणि आयुष्य त्यावर काढलं. ट्रक सोडल्यावर ही गाडी घेतली, तीही दुसऱ्याची वापरलेली, दुधाच्या सायीच्या रंगाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असलेली. ट्रकवाला माणूस छोट्या गाडीत बसला की अवघडतो, पण बाबा तिच्याशी नव्या सुनेशी वागावं तसे वागत. दार आपटलेलं खपत नसे. आईने डिकीत सुके बोंबील ठेवले म्हणून एकदा दोघांचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

आईचं माहेर म्हसळ्याकडे. वर्षातून एकदा, शिमग्याला, आम्ही रेवदंडा-मुरुड करत आगरदांड्याला जायचो आणि तिथून फेरीबोटीने दिघीला. बोटीवर सगळे गाड्यांतून उतरून कठड्याशी उभे राहायचे. बाबा मात्र उतरायचे नाहीत. हँडब्रेक म्हणजे रात्रपाळीचा राखणदार, कधी डुलकी काढेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. खाडी ओलांडेपर्यंत ते पायाचा ब्रेक दाबून बसत. आई कठड्यावरून ओरडायची, "अहो, बोट बुडली तर गाडीला घेऊन पोहणार हाव काय?" मग खिडकीतून त्यांना सोललेल्या शेंगा भरवायची. त्या दोघांना मी इतकं मोकळं दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही. ते दिवस आठवले की अजून जीव गलबलतो.

चावी दिली आणि ते जाणं संपलं. मी आईला म्हणायचो, "माझ्या गाडीतून नेतो की." ती म्हणायची, "नको रं, तुला सुट्टी कुठं असते." तीन वर्षांपूर्वी ती गेली. मधल्या चार शिमग्यांत ती माहेरी गेली नव्हती.

यंदा वादळी वाऱ्याने शेडचे पत्रे उडवले. नवे बसवायला, सात वर्षं तशीच धरून बसलेली गाडी बाहेर काढणं भाग होतं. चार माणसांनी जोर लावला. पुढची चाकं वळली, मागची मातीत नुसती फरफटली. शेवटी चौलकडचा एक मेस्त्री बोलावला, जुन्या गाड्यांवर हात बसलेला, माझ्याच वयाचा. मी नुकताच रिटायर झालो होतो, त्यामुळे पाने हातात द्यायला मी.

बाबा नारळाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं त्यांचं चाललेलं. "पुढल्या चाकांना दगड लाव. जॅकखाली फली घे, वालू हाय खाली." मेस्त्रीने मागची चाकं काढली, खाली शिरून हँडब्रेकची केबल सोडवली, ड्रमच्या कडेने डिझेल सोडलं आणि त्या दिवशी एवढंच करून गेला. मुरू द्यायला हवं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोक सुरू झाली. मध्ये लाकूड धरून, ड्रम फिरवत फिरवत, हलक्या हाताने. मी एकदा जोरात हातोडा घातला तर बाबा म्हणाले, "मारू नको. समजव त्याला." मग मेस्त्रीला सांगायला लागले, हसत हसत, "चूक माझीच. ज्यानं सगल्यांना शिकवलं त्यानंच वढला. म्हातारपण, दुसरं काय?" ही गोष्ट ते सात वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला अशीच सांगत होते, स्वतःची चेष्टा करत, दुसऱ्या कुणी करायच्या आधी. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी मान खाली घालून पाना पुसत बसलो.

डावा ड्रम दहाच्या सुमारास सुटला, आतून तांबडी पूड सांडली. उजवा मात्र जागचा हलेना. मेस्त्री घामाघूम झाला आणि म्हणाला, कापायला लागंल, ड्रम वाया जाईल. बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी ड्रमवरून तळवा फिरवला आणि एका जागी बोट ठेवलं. "हितं खरवड. दोन बारीक भोकं हायत, समोरासमोर, आट्याची. त्यात बोल्ट घाल न् आलीपालीनं आवल. ड्रम आपसूक भायेर येल."

तिथे नुसता गंज दिसत होता. मेस्त्रीने पत्र्याच्या तुकड्याने खरवडलं. भोक होतं. समोर दुसरंही होतं. या गाडीचा ड्रम बाबांनी शेवटचा कधी उघडला असेल, पंधरा वर्षं तरी झाली असतील. दोन बोल्ट थोडे थोडे, एकाआड एक आवळत गेले आणि ड्रम कर्र आवाज करत मेस्त्रीच्या मांडीवर आला.

"काका, तुमच्या ध्यानात कसं राहिलं?" मेस्त्रीने विचारलं.

"हे जुनं ऱ्हातं," बाबा म्हणाले. "कालचं न्हाय ऱ्हात. म्हणून तं ब्रेक वढला ना."

मला ते सहन झालं नाही. मेस्त्री हात धुवायला विहिरीकडे गेला तसा मी म्हणालो, "बाबा, तो ब्रेक मी ओढला होता. तुम्ही जेवायला गेला होतात, मी गाडी मागे घेतली. तुमचा फोन आला तेव्हाच मला आठवलं होतं."

 ते रागावतील असं वाटलं, रागावावं असंही वाटलं. त्यांनी खुर्चीचा हात धरला आणि हळूहळू बसले.

"म्हंजे तवा मी बरा होतो," ते म्हणाले.

"हो बाबा. तुम्ही बरे होतात."

"सात वर्सं," ते म्हणाले. मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही. माझे डोळे भरून आले होते, आणि त्यांच्या पुढ्यात रडायचासुद्धा मला हक्क नव्हता.

मेस्त्री हात झटकत परत आला. बाबांनी त्याला जवळ बोलावलं. "मेस्त्री, तो ब्रेक मी न्हाय वढलेला," ते म्हणाले. "बरं काका," म्हणत त्याने पाना उचलला. दुपारी मासळी घेऊन बाई आली, तिला थांबवून त्यांनी तेच सांगितलं. मग शेजाऱ्यांना, मग पत्रेवाल्यांना. मग कुणी वढला, असं त्यातल्या एकाने विचारलंच. बाबा म्हणाले, "ते राहू दे. मी न्हाय वढलेला." मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.